बॅन्जो कोणाचा, रेला कोणाचा?

२०१९ या एकाच वर्षात दोन गाणी गाजली. एक अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातून आलं, दुसरं मुंबईच्या आरे वसाहतीतून. दोन्हींत रॅपच्या ठोक्यावर गावाकडचा, रानातला सूर होता. पहिलं जगभर कोट्यवधी वेळा वाजलं. दुसरं त्या मानाने थोड्यांनी ऐकलं, पण ज्यांनी ऐकलं त्यांच्या मनातून ते गेलं नाही. गावाचं गाणं नव्या संगीतात मिसळतं तेव्हा गावाच्या वाट्याला काय येतं, हा आजचा विषय आहे आणि चंद्रपूर-गडचिरोलीला तो दूरचा नाही.

पहिल्या गाण्याचं नाव ‘ओल्ड टाउन रोड’. ते करणारा मॉन्टेरो लॅमार हिल तेव्हा १९ वर्षांचा होता. जग त्याला लिल नास एक्स म्हणून ओळखतं. कॉलेज सुटलेलं, मुक्काम बहिणीकडे, खिसा रिकामा. नेदरलँड्समधल्या यंगकियो नावाच्या एका पोरसवदा संगीतकाराने इंटरनेटवर विकायला ठेवलेला बीट, म्हणजे रॅपरने ज्यावर बोलायचं ते तयार वाद्यसंगीत, त्याने ३० डॉलरला घेतला. अटलांटातल्या एका स्टुडिओत स्वस्ताईच्या दिवशी ध्वनिमुद्रण उरकलं. डिसेंबर २०१८ मध्ये आलेलं हे गाणं दोन मिनिटांचंही नव्हतं. शब्दांत घोडा, टोपी, बूट आणि रस्ता. ठेका मात्र आजच्या शहरी रॅपचा. टिकटॉकवर पोरापोरींनी त्यावर काउबॉयचे वेष चढवले आणि गाणं पसरलं.

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गावांचं गाणं. फिडल, बॅन्जो आणि गिटारवर शेत, रेल्वे, दारू, देव आणि मोडलेलं प्रेम गाणारं. हिप-हॉप जन्मलं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्कने सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या इमारतीत वाजवलेली पार्टी हा त्याचा जन्मदिवस मानतात. दोन्ही जोडण्याची खटपट लिल नास एक्सच्या आधीही झाली होती. २००३ साली बबा स्पार्क्सने ती केली, २००५ साली काउबॉय ट्रॉयने. त्यांना थोडा मान मिळाला, पण कंट्रीच्या घरात कायमची जागा मिळाली नाही.

मार्च २०१९ मध्ये ‘ओल्ड टाउन रोड’ बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत १९व्या क्रमांकावर आलं, आणि मासिकाने ते यादीतून काढून टाकलं. आजच्या कंट्रीची पुरेशी लक्षणं त्यात नाहीत, असं कारण दिलं गेलं. ज्या यादीत गोऱ्या गायकांची रॅपचा ठेका घेतलेली गाणी वर्षानुवर्षं सुखाने नांदत होती, तिथून एका काळ्या पोराचं गाणं बाहेर पडलं. गदारोळ झाला. एप्रिलमध्ये बिली रे सायरस हा जुना, गोरा कंट्री गायक त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि दोघांनी गाणं पुन्हा गायलं. मग ते बिलबोर्डच्या मुख्य यादीत सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याआधीचा विक्रम १६ आठवड्यांचा होता. पुढच्या जानेवारीत त्याला दोन ग्रॅमी मिळाले. २०२४ साली शबूझी या नायजेरियन आईबापांच्या मुलाने कंट्री आणि रॅप मिसळून केलेल्या गाण्याने १९ आठवड्यांची बरोबरी केली, आणि या खेपेस ते गाणं कंट्रीच्या यादीतही पहिलं होतं. पाच वर्षांत दार एवढं उघडलं.

पण दार मुळात लावलं कोणी? बॅन्जोचं मूळ आफ्रिकेत आहे. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी आपल्या आठवणीतून ते वाद्य अमेरिकेत घडवलं. १९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेतलं एकच रानगाणं दोन कॅटलॉगांत वाटलं: गोऱ्यांचं ते ‘हिलबिली’, काळ्यांचं ते ‘रेस रेकॉर्ड’. गाणाऱ्यांच्या अंगणांत अशी भिंत नव्हती. ती विक्रीच्या सोयीसाठी बांधली गेली. कंट्रीचं पंढरपूर मानल्या जाणाऱ्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलच्या रेडिओ कार्यक्रमाचा सुरुवातीच्या काळातला एक लाडका कलावंत डीफोर्ड बेली होता. काळा माणूस, हार्मोनिकावर धावत्या रेल्वेचा आवाज हुबेहूब काढणारा. १९४१ साली त्याला कामावरून काढलं. पुढे त्याने बूट पॉलिशच्या दुकानावर पोट भरलं. कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव २००५ साली लागलं. तोवर त्याला जाऊन तेवीस वर्षं झाली होती.

लेस्ली रिडल यांची गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे, आणि आपल्यासाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे. कार्टर फॅमिली हे कंट्रीचं आद्य घराणं. त्यातले ए. पी. कार्टर डोंगरदऱ्यांतून जुनी गाणी गोळा करत फिरायचे. सोबत रिडल हे काळे गिटारवादक असायचे. कार्टर शब्द उतरवून घ्यायचे, रिडल चाल डोक्यात साठवायचे. घरी आल्यावर ती चाल कार्टर कुटुंबाला शिकवायचे तेही रिडलच. रेकॉर्डवर आणि कॉपीराइटच्या कागदावर मात्र नाव कार्टरांचं. याच्या शेजारी ‘ओल्ड टाउन रोड’चा एक तपशील ठेवून पाहावा. त्यातला बॅन्जोसारखा वाजणारा तुकडा ‘नाइन इंच नेल्स’ या रॉक बँडच्या २००८ सालच्या रेकॉर्डवरून उचललेला आहे. बँडचे ट्रेंट रेझ्नर आणि अ‍ॅटिकस रॉस यांची नावं गाण्याच्या कर्त्यांत रीतसर लागली. म्हणजे उचललेल्या सुराचं श्रेय देता येतं. ज्याच्यामागे वकील आणि कंपनी उभी असते, त्याला ते मिळतं.

आपल्या देशातही हे घडलं. मार्च २०२० मध्ये रॅपर बादशाहचं ‘गेंदा फूल’ आलं आणि बेफाम चाललं. त्यात गुंफलेलं बंगाली गाणं बीरभूमच्या रतन कहार यांचं. लोकगीत म्हणून ते वापरलं गेलं आणि कहारांचं नाव कुठेच नव्हतं. बंगालमधून लोकांनी आवाज उठवला तेव्हा बादशाहने त्यांना पाच लाख रुपये दिले. २०२४ साली कहारांना पद्मश्री मिळाली. ‘लोकगीत’ असा शिक्का बसला की गाणं बेवारस समजायचं, ही सवय किती घट्ट आहे ते यात दिसतं. कहार हयात होते, पत्ता माहीत होता, तरी त्यांच्या अंगणातलं गाणं कोणाचंही ठरलं.

आता दुसऱ्या गाण्याकडे येऊ. मुंबईत २०१३च्या सुमारास ‘स्वदेसी’ नावाचा रॅपरांचा गट उभा राहिला. एमसी मवाली, म्हणजे अक्लेश सुतार, मराठी-हिंदीत बोलणारा. एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत. ‘१००आरबीएच’ या नावाने बोलणारा सौरभ अभ्यंकर हा आपल्या विदर्भातला, अमरावतीचा. जातीच्या प्रश्नावर तो थेट आणि तीक्ष्ण बोलतो. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम प्रोजेक्ट’मध्ये या मुलांनी कर्नाटक संगीतातले तालाचे बोल शिकले. रॅपरने मृदंगाच्या बोलांत जीभ घोळवायची, ही तालीम खडतर होती. तिचं फळ २०१९च्या ‘गली बॉय’ चित्रपटातल्या ‘इंडिया ९१’ या गाण्यात ऐकायला मिळतं.

त्याच वर्षी स्वदेसीने ‘द वारली रिव्हॉल्ट’ आणलं. नावात इतिहास होता: तलासरी-उंबरगावकडच्या वारल्यांनी १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध केलेला उठाव, जो गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. वर्तमान आरेचं होतं. मेट्रोच्या कारशेडसाठी जंगल तोडायचं ठरलं होतं आणि आतल्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आदिवासी रस्त्यावर आले होते. केलटीपाड्याचे प्रकाश भोईर त्यांतले एक. गाण्यात त्यांचा आवाज आहे, आणि शीर्षकात, रॅपरांच्या नावाला जोडून, त्यांचं नाव आहे. ‘पारंपरिक वारली सूर’ असं मोघम काही लिहिलेलं नाही. गाण्याला ज्याच्या जंगलाची बाजू मांडायची होती, तो माणूस स्वतः त्यात गातो. माझ्या मते गावगाणं आणि रॅप यांच्या मराठी मिलाफात हे गाणं सर्वांत वर ठेवावं, ते याच कारणासाठी.

गाण्याने झाडं वाचली नाहीत. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर ४ ऑक्टोबर २०१९च्या रात्री तोड सुरू झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली तेव्हा २,१४१ झाडं पडलेली होती. धर्मेश परमार मार्च २०२२ मध्ये गेला, अवघ्या २४व्या वर्षी. गाणं मात्र आंदोलनांत वाजत राहिलं.

मग आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीचं काय? इथे रॅप परका पाहुणा नाही. खडी गंमत या लोकनाट्यात कलगी आणि तुरा अशा दोन पक्षांचे शाहीर समोरासमोर उभे राहतात, एकाने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे जुळवून जवाब द्यायचा. रात्र सरते, प्रेक्षक हलत नाहीत. ब्राँक्समधली पोरं याला बॅटल म्हणतात. दंडार या लोकनाट्यात पुरुष स्त्रीवेषात नाचतात, प्रवेशांच्या मधे गावातल्या ताज्या भानगडी येतात. तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या ठोक्यावर सरळ, बोलभाषेच्या ओळी मारल्या आणि १९४२ साली चिमूर पेटलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्रजांनी त्यांना पकडून नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. ठेक्यावर बोललेल्या शब्दाची ताकद या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको.

आणि मिसळण्याची भीतीही इथे कधी नव्हती. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात, आणि वडशाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत गावोगाव रात्रभराचे प्रयोग लावतात. एका नाटकात नाट्यपदासारखी चाल येते, लावणी येते, सिनेमाचा ठेका येतो, विनोदी पात्र झाडीबोलीत टोला हाणतं. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे याच रंगभूमीवर पाच हजारांहून अधिक प्रयोगांत उभे राहिले आणि २०२३ साली पद्मश्री झाले. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य खर्चून या बोलीचा अभ्यास उभा केला. ‘ण’ला ‘न’ करणारी, शब्द हलका करून पुढे धावणारी ही बोली जिभेवर जलद चालते. रॅपला जीभ जलद लागते. इथल्या पोरांनी मुंबईची हिंदी उसनी घेण्याचं काहीच कारण नाही.

हौसेने केलेली सगळी मिसळ चांगलीच असते, असं मात्र नाही. माडिया-गोंडांचा रेला घ्या. हातात हात गुंफून, एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, अशी ती रचना आहे. लग्नात, सणात ती तासन्‌तास चालते. मोबाइलवर त्याचे वीस सेकंद टिपायचे, खाली बीट टाकायचा, वर स्वतःचं नाव लिहायचं, हे आज कोणालाही दहा मिनिटांत जमतं. त्या क्षणी भामरागडची गाणारी बाई लेस्ली रिडल होते.

कायदा इथे थोडा आधार देतो आणि तो फारसा कोणी वापरत नाही. जुन्या, अनाम गाण्याला कॉपीराइट नाही, हे खरं. पण ते गाणाऱ्या व्यक्तीला कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ खाली कलावंताचा हक्क आहे, तो ५० वर्षं टिकतो. तिच्या संमतीशिवाय तिचं गाणं ध्वनिमुद्रित करून विकता येत नाही. २०१२च्या दुरुस्तीने सादरकर्ता म्हणून आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही तिला दिला. याहून मोलाची तरतूद २००६च्या वनहक्क कायद्यात आहे. कलम ३(१)(ट) जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर, बौद्धिक संपदेवर समूहाचा हक्क मानतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने याच कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती घेतलं. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. बांबूचा दर ठरवणारी, तेंदूचा लिलाव करणारी ग्रामसभा आपल्या गाण्याबद्दलही ठराव करू शकते: कोणी रेकॉर्ड करावं, कोणाची नावं लागावीत, पैसा आला तर त्याची वाटणी कशी व्हावी. वडशाच्या कंपन्यांनी पोस्टरवर नटांच्या बरोबरीने ढोलकीवाल्याचं आणि कोरसचं नाव छापावं. इथल्या नव्या रॅपरांनी यूट्यूबवर गाणं चढवताना गावाचं, पाड्याचं आणि मूळ आवाजाचं नाव पहिल्या ओळीत लिहावं. येत्या मंडईच्या आधी हे सगळं सुरू करता येतं. खर्च नाही, सरकारी मंजुरीही लागत नाही.