वर गेलेले सुखरूप खाली यावे
(न्यासाच्या रौप्य महोत्सवानिमित्त डिंडोली येथे दिलेले व्याख्यान)



या मंगल प्रसंगी विज्ञानावर दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा आम्हांस झाली. चंद्र-मंगळाच्या गोष्टी आपण वर्तमानपत्रांत वाचताच. आम्ही आज मुलांच्या हातातील लहानशा रॉकेटाविषयी बोलणार आहोत. आणि तेही ते वर कसे जाते याविषयी नव्हे, तर खाली कसे येते याविषयी.

उडण्याची हौस जुनी आहे. नवव्या शतकात स्पेनमधील कुर्तुबा शहरी अब्बास इब्न फिर्नास या विद्वानाने पंख लावून उडी घेतली. तो काही अंतर तरंगला, पण उतरताना त्याच्या पाठीला जबर मार बसला. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो हे त्याच्या ध्यानात आले नव्हते, असे मक्करी या इतिहासकाराने पुढे १७ व्या शतकात नमूद केले आहे. चढण्याचा विचार पुरा आणि उतरण्याचा अपुरा, हा मनुष्याचा जुना दोष आहे.

छंदाच्या रॉकेटांत आरंभापासूनच या दोषावर उपाय योजलेला आहे. १९५४ साली अमेरिकेतील नेब्रास्का प्रांतात ऑर्विल कार्लाइल या जोड्यांच्या दुकानदाराने आपल्या भावाच्या व्याख्यानांसाठी एक कागदी रॉकेट बनविले. ते वर जाऊन छत्रीने खाली येई व पुन्हा उडविता येई. अशा रॉकेटांत दारू जळून गेल्यावर काही सेकंदांनी एक लहानसा बार होतो आणि तो छत्रीला बाहेर ढकलतो.

येथे पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. दिवाळीनंतर न उडालेले फटाके फोडून त्यांतील दारू नळीत भरणारी मुले सर्वत्र आढळतात. तो विज्ञानाचा प्रयोग नव्हे. त्यात बोटे आणि डोळे जातात, आणि परवान्यावाचून स्फोटके बनविणे हा कायद्याने गुन्हाही आहे. आम्ही मुलांना शिकवितो ते पाण्याचे रॉकेट. सरबताची प्लास्टिकची बाटली घ्यावी, तिचा एक तृतीयांश भाग पाण्याने भरावा, आणि सायकलच्या पंपाने मापकावर पाहून हवा भरावी. चौरस इंचास ६० पौंडांच्या वर जाऊ नये, ओरखडे पडलेली बाटली वापरू नये, आणि दोरी ओढून सोडताना सर्वांनी दहा मीटर दूर राहावे.

अशी बाटली ३० मीटर सहज चढते. आता हिशेब पाहा. हवेचा अडथळा सोडला तर ३० मीटरांवरून पडणारी वस्तू अडीच सेकंदांत जमिनीवर येते, आणि त्या वेळी तिचा वेग ताशी सुमारे ८७ किलोमीटर असतो. दीडशे ग्रॅमच्या रॉकेटाला ६० सेंटीमीटर व्यासाची छत्री लावली तर तोच वेग ताशी १२ किलोमीटरांवर येतो. वेग सातपट कमी झाला, म्हणजे आघाताची ऊर्जा सुमारे पन्नासपट कमी झाली. आपल्या वस्तीत घराला घर लागून आहे, अंगणात लेकरे खेळतात. तेव्हा छत्री ही शोभेची वस्तू नव्हे, तो आपला शेजारधर्म आहे.

पण छत्री दर वेळी उघडतेच असे नाही. मग दोष शोधावा कसा? आमचा पहिला नियम असा की, पडलेले रॉकेट धावत जाऊन उचलावयाचे नाही. जसे पडले तसे आधी पाहावयाचे, वहीत चित्र काढावयाचे, आणि मग पाच प्रश्न क्रमाने विचारावयाचे.

टोपी निघाली का? निघाली नसेल तर ती घट्ट आहे. रॉकेट उलटे धरल्यावर टोपी स्वतःच्या वजनाने सुटावी, पण हलविल्याने सुटू नये.

टोपी निघाली, पण कापड बाहेर आले का? नसेल तर घडी जाड झाली असेल, किंवा पावसाळ्याच्या दमट हवेत पातळ प्लास्टिकचे पदर एकमेकांस चिकटले असतील. चिमूटभर शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी, आणि घडी आदल्या रात्री नव्हे, उडविण्यापूर्वीच घालावी.

बाहेर आले, पण फुलले का? नसेल तर दोऱ्यांचा गुंता झाला असेल. आठही दोऱ्या सारख्या लांबीच्या असाव्यात, आणि त्यांची लांबी छत्रीच्या व्यासाहून कमी नसावी.

फुलले, पण टिकले का? टोपी जड आणि सैल असेल तर पाणी संपताच ती पुढे निसटते, छत्री भर वेगात उघडते आणि गाठी तुटतात.

पाचवा प्रश्न यशानंतरचा आहे: रॉकेट कोठे उतरले? सावकाश उतरणारी छत्री नऊ सेकंद हवेत राहते. तेवढ्यात सेकंदाला तीन मीटरांचा वारा तिला २७ मीटर वाहून नेतो, मग ती विजेच्या तारांवर अडकते. वारा असेल त्या दिवशी छत्री लहान घ्यावी, नाहीतर उडवूच नये. तारांवर अडकलेले रॉकेट काढावयास कोणीही चढू नये; ते गेले असे समजावे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा दुसरा नियम. टोपी, घडी आणि दोऱ्या तिन्ही एकदम बदलल्या, तर रॉकेट उतरेलही, पण आपण शिकणार काहीच नाही.

तिसरा नियम आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. छत्री उघडली नाही की मुलांची बोटे लगेच घडी घालणाऱ्याकडे वळतात. एकदा असाच एक मुलगा रडकुंडीला आला. आम्ही नळी उभी चिरून पाहिली, तो आत सरसाचा एक वाळलेला थेंब होता आणि कापड त्याला अडकले होते. घडी निर्दोष होती. म्हणून 'कोणी केले?' हा प्रश्न आम्ही वर्गातून हद्दपार केला आहे. विचारावयाचे ते एवढेच की 'काय झाले?'

थोरामोठ्यांचाही हाच अनुभव आहे. ८ सप्टेंबर २००४ रोजी सूर्यावरील कणांचे नमुने आणणारी अमेरिकेची जेनेसिस कुपी छत्री न उघडता युटाच्या वाळवंटात ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक वेगाने आदळली. वेग कमी होताच छत्रीला इशारा देणारे छोटे खटके उलटे बसले होते. जोडणाऱ्यांनी ते आराखड्याप्रमाणेच बसविले होते. चूक आराखड्यात होती. शोध केवळ माणसाला दोष देऊन थांबला असता, तर ती कधी सापडलीच नसती. शास्त्रज्ञांनी त्या फुटक्या कुपीतूनही बरेच नमुने वेचून काढले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या गगनयानाच्या कुपीसाठी दहा छत्र्यांची योजना आहे. दोन वरचे झाकण दूर करतात, दोन वेग आवरतात, तीन मोठ्या छत्र्यांना ओढून काढतात, आणि शेवटी त्या तीन मोठ्या उघडतात. या तिघींपैकी दोन उघडल्या तरी काम भागते. माणूस वर पाठविण्यापूर्वी २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून रिकामी कुपी उडवून ती सुखरूप समुद्रात उतरविण्यात आली. आधी परतीची परीक्षा, मग प्रवास!

माता-भगिनींना वाटेल, यात आमचा काय संबंध? खानदेशातून येथे आलेल्या कितीतरी घरांत साडीचे धागे कापण्याचे, टिकल्या लावण्याचे काम चालते. कापडाचा आड-उभा धागा कोणता, निरी कोठे धरली म्हणजे एका झटक्यात सुटते, हे आपल्याला पाठ आहे. छत्रीची घडी म्हणजे तरी निऱ्याच! मुलांना त्या शिकविण्यास आपण एक रविवार शाळेत यावे.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती लहान आहे: मापक असलेला एक पंप, आणि तारांपासून दूर असे मोकळे मैदान महिन्यातून एक सकाळ. आपल्या न्यासाने पंचवीस वर्षे मुलांना वह्या-पुस्तके दिली, म्हणजे वर चढण्याचे बळ दिले. पडलेल्या वस्तूजवळ शांतपणे बसून कारण शोधण्याची सवयही त्यांना लागावी. परीक्षेत नापास झालेल्या मुलाच्या घरीही 'काय झाले?' हा प्रश्न 'कोणी केले?' याच्या आधी विचारला जावा, एवढीच आमची इच्छा आहे.