ओट्यावरचं ओलं पोतं



'अनिश्चित काळात धंद्याची विक्री कशी टिकवावी' हा विषय मला दिला, तेव्हा डोळ्यांपुढे आला तो बाजार समितीतला हर्रास. कापडवाला असो, किराणावाला असो, सराफ असो; आपल्या वाशिम जिल्ह्यात प्रत्येक व्यापाऱ्याचा गल्ला सोयाबीनच्या चुकाऱ्यावर भरतो. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं. त्याच महिन्यात केंद्राने बारा लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली, आणि सोंगणी होऊन नवा माल येईस्तोवर भाव जवळजवळ निम्म्यावर आला. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये होता, तरी कित्येकांनी त्याहून कमी भावात माल घातला. वऱ्हाडाने हे पूर्वीही सोसलं आहे. अमेरिकेत 1861 ला यादवी युद्ध पेटलं तसा आपला कापूस चढला. 1865 ला ते संपलं आणि भाव कोसळला.

भाव पडला की आपण पहिली कात्री जाहिरातीला लावतो. फलक कमी करा, गावोगाव फिरणारा भोंगा बंद करा, माझी हरकत नाही. पण गिऱ्हाइकाशी बोलणं तोडू नका. तंगीतही माणसाला खरेदी करावीच लागते. फक्त घेतलेली वस्तू फसली तर दुसरी घ्यायला त्याच्याकडे पैसा नसतो, म्हणून तो दहा वेळा विचार करतो. ही भीती जो दुकानदार कमी करील, त्याची पायरी तो चढेल.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे 1920 ला त्यांचं 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघालं. 1929 ला जगभर मंदी आली, आणि 1930 ला त्याच घरातून 'स्त्री' मासिक सुरू झालं. लोकांशी बोलण्याचा खर्च त्या माणसांनी मंदीतही केला. मला याचं फार मोल वाटतं.

आता आपल्या कृषी केंद्राकडे येऊ. सोयाबीनच्या शेतकऱ्याची मोठी भीती म्हणजे बियाणं न उगवल्याने करावी लागणारी दुबार पेरणी. हे पीक स्वपरागित आहे, त्यामुळे प्रमाणित बियाण्यापासून आलेला घरचा दाणा दोन-तीन वर्षं पेरता येतो. अट एकच, उगवण साधारण सत्तर टक्के हवी. शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटात रांगेने ठेवा, गुंडाळी करा, पाणी शिंपत राहा. आठवड्याने कोंब मोजा. सत्तर निघाले तर एकरी तीस किलो पुरे. थोडे कमी निघाले तर बियाणं वाढवायचं. फारच कमी निघाले तर तो दाणा पेरायचाच नाही. एवढं काम दुकानाच्या ओट्यावर फुकट होऊ शकतं.

तुमच्यातले काही जण म्हणतील, मग आमची बियाण्याची बॅग कोण घेणार? काही बॅगा कमी जातील, हे मी मान्य करतो. पण जिवाणू संवर्धक, खत, फवारणीचं औषध तो कुठून घेईल? ज्याने त्याचं एक नुकसान वाचवलं, त्याच्याकडूनच. आणि ज्याची उगवण चाळीसवर अडकली, तो बॅग घेईल तीही तुमच्याकडूनच, कारण चाळीस कोंब त्याने स्वतः मोजलेले असतील.

उधारीबद्दल थोडंच सांगतो. ती बंद करू नका, पण तोंडी ठेवू नका. रक्कम, व्याज असेल तर व्याज, आणि परतीची तारीख सोंगणीनंतरची, हे दोघांच्या सहीने लिहा. कागद नसल्यामुळे तुटलेली गिऱ्हाइकं मी पडलेल्या भावापायी तुटलेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

मृग लागायला अजून महिना आहे. ज्यांचं कृषी केंद्र आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, येत्या सोमवारी दुकान उघडताना ओट्यावर एक ओलं पोतं अंथरा आणि पहिल्या येणाऱ्या शेतकऱ्याला सांगा, "भाऊ, घरचे शंभर दाणे घेऊन या."