युरोपचं शहर, एका दिवसात, पायी… विरारहून

(एपिसोडचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात जे आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय.)

कानात इअरफोन घालून तुम्ही सकाळच्या लोकलच्या दारात उभे असाल, तर आधी आत सरका. मग ऐका.

तर झालं असं, की मला लिस्बनला जायचं होतं. दोन वर्षं पैसे साठवले, मॅनेजरकडून रजा मंजूर करून घेतली, चालायचे चांगले शूज घेतले. लिस्बनला एकच पूर्ण दिवस मिळणार होता, म्हणून मॅपवर चौदा पिना टाकून ठेवल्या होत्या. अल्फामाच्या गल्ल्या, साओ जॉर्जचा किल्ला, नदीकाठचा मोठा चौक, सगळं पायी. आणि व्हिसा वेळेत आला नाही. का आला नाही ते सांगत बसलो तर एपिसोड त्यातच संपेल, म्हणून सोडून देऊ.

रजा होती, शूज होते, जायला जागा नव्हती. घरी तोंड पाडून बसलो होतो. तेवढ्यात माझ्या कॉलेजच्या दोस्ताचा फोन आला. हा गासचा. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्या दिवशी त्यानं ऑफिसात आजारी असल्याचं कळवलं होतं. तो म्हणाला, "पोर्तुगीज शहरच बघायचंय ना? मग विरारहून वसईला ये, दहा रुपयांत होतंय."

मी हसलो. वसईचा किल्ला? तिथं मी पन्नास वेळा गेलोय. पण नीट आठवून बघितलं तर काय? क्रिकेट, एका मित्राचं प्री-वेडिंग शूट, आणि कोल्डप्लेचं २०१६ चं गाणं तिथं शूट झालंय हे पाहुण्यांना सांगणं. बस, एवढंच.

आमची अट ठरली: लिस्बन जसं बघणार होतो तसंच हे बघायचं. शहर म्हणून. वेशीतून आत शिरायचं, रस्ता धरायचा, चौक कुठं, चर्च कुठं, कचेरी कुठं, माणसं पाणी कुठून आणत असतील, असं एकेक शोधायचं.

वसई रोडहून बस घेतली. वाटेत रमेदी लागतं. मी जन्मभर हे नाव बोर्डावर वाचत आलोय. दोस्त म्हणाला, "रेमेदियुश. आमच्या रेमेदी माउलीचं चर्च आहे ना, त्याचं पोर्तुगीज नाव." म्हणजे लिस्बनच्या बोलीतला एक शब्द रोज बसच्या पाटीवरून जातोय आणि मला पत्ता नाही. पारनाक्याला उतरलो आणि तिथून चालायला लागलो.

आता थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नका. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं हुमायूनच्या धास्तीनं पोर्तुगीजांशी तह केला आणि वसई त्यांना दिली. सोबत मुंबईची बेटंही. पुढे मुंबई १६६१ च्या लग्नाच्या करारात इंग्रजांच्या राजाला आंदण गेली, वसई मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. उत्तर कोकणातल्या त्यांच्या सगळ्या मुलखाची ही राजधानी. तटाच्या आत साधारण ११० एकर जागा. तिथं नगरसभा होती, तुरुंग होता, इस्पितळ होतं, फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक पंथाचं आपापलं चर्च आणि मठ. नगरसभेला ते कामरा म्हणायचे. आपली वसई-विरार महापालिका २००९ ची. (हसतो) पाणी तेव्हा किती वाजता यायचं, ते मात्र कुठं लिहिलेलं सापडलं नाही.

जमिनीकडच्या दरवाजातून शिरलो. हा दरवाजा सरळ नाही. आत गेलं की वाट वळते, म्हणजे शत्रूला धावत घुसता येऊ नये. पूर्वी मी तिथं बाइक वळवताना शिव्या घातल्यात. शहर बांधणाऱ्यानं माझ्यासारख्यालाच अडवायची सोय केली होती, हे आत्ता कळलं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही फ्रान्सिस्कन लोकांच्या चर्चमध्ये काढला, सेंट अँथनीचं म्हणतात ते. छप्पर नाही, आणि जमीन म्हणजे थडग्यांच्या फरशा. नुसत्या फरशा. त्यांवर नावं, सालं, घराण्यांची चिन्हं कोरलेली. फोनचा कॅमेरा धरून दोन-चार अक्षरं लावायचा प्रयत्न केला. भाषांतराच्या ॲपनं एका सरदाराचं काहीतरी भलतंच करून दाखवलं, ते इथं सांगण्यासारखं नाही. पण "इथे पुरला आहे" एवढं कळत होतं. माणसं बोटीतून सहा-सहा महिने प्रवास करून आली, इथं संसार केले, इथंच मेली. आणि आपण त्यांच्या नावावर स्टंप रोवून बॉलिंग करतो.

समुद्राकडे गेलात की सेंट जोसेफचं चर्च लागतं. उंच बुरुजाचं, फोटोत असतं ते. त्याच्या दारावरच्या शिलालेखात १६०१ साल आहे. तिथल्या सावलीत आम्ही डबा उघडला. दोस्ताच्या आईनं तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि सुकेळी दिली होती. वसईची सुकेळी खाल्ली नसेल तर आयुष्य अर्धं, हे माझं स्पष्ट मत आहे.

जेवता जेवता मी माझी लिस्बनची यादी काढली. त्यात कार्मोचं चर्च होतं. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनला भूकंप झाला, त्यात त्याचं छप्पर पडलं. मधला भाग त्यांनी पुन्हा झाकलाच नाही, अजून तसाच उघडा ठेवलाय. लोक तिकीट काढून आत जातात, वर आभाळ बघतात. मी तेच बघायला जाणार होतो. आणि इथं मान वर केली तर कमानीतून तेच आभाळ. फरक एवढाच, की वसई भूकंपानं नाही, युद्धानं पडली, आणि त्याच्या सोळा वर्षं आधी.

इथं मला एक गोष्ट सांगायची आहे. खरं तर त्यासाठीच हा एपिसोड केलाय.

थर्ड इयरला असताना आमचा ग्रुप इथं आला होता. मी बुरुजावर चढून व्हिडिओ केला. घोषणा दिल्या, आणि खाली लिहिलं, "आपण जिंकला होता!" शंभरेक लाइक आले. हा दोस्त सोबत होता. परतीच्या वाटेवर तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, ऊन लागलं असेल. आम्ही ते पुन्हा कधी काढलं नाही.

त्या दिवशी सुकेळी खाता खाता त्यानं काढलं. चिडून नाही. "तू 'आपण' म्हणालास. मी तिथं कुठं उभं राहायचं होतं रे?"

मला उत्तर सुचेना.

चिमाजी अप्पांची मोहीम मला पाठ आहे, शाळेपासून. १७३९ चा फेब्रुवारी ते मे वेढा, सेबॅस्टियनच्या बुरुजाखाली पेरलेले सुरुंग, मराठ्यांची पडलेली हजारो माणसं. त्याचा अभिमान मला आजही आहे आणि तो मी लपवणार नाही. पोर्तुगीजांनी इथं देवळं पाडली, धर्मांतरं केली, हेही खरं. पण तहात काय होतं, ते मी कधी बघितलंच नव्हतं. पोर्तुगीजांना बायकामुलं, सामान घेऊन जायला आठ दिवस मिळाले. आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळू द्यायचा.

ते मागे राहिलेले म्हणजे ह्याचे पूर्वज. ते काही पोर्तुगीज नव्हते. केळी, पानमळे, भाजी पिकवणारी इथलीच माणसं. तटाच्या आतली घरं मुख्यतः पोर्तुगीज उमरावांची. ह्यांची वाडी बाहेर. त्याची आजी म्हणते, "किल्ला कुणाचाबी असो, भाजी आमचीच गेली." मी आजींना विचारलं, पैसे तरी मिळाले का? त्या म्हणाल्या, "तुझ्या ॲपवर बघ."

मग मला नाशिक आठवलं. माझी मावशी पंचवटीत राहते. लहानपणी गोदावरीला पूर आला की मावशी म्हणायची, नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी येतंय का बघा. ती घंटा १७२१ ची, वसईच्या विजयानंतर नेलेली. मेणवलीला नाना फडणीसांच्या घाटावर आहे तिच्यावर १७०७ आहे. मी ते त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्या चर्चची घंटा वाजली की तुझी मावशी कपडे वाळत घातलेले काढते म्हण की." दोघंही हसलो. किती वर्षांनी, ते मोजलं नाही.

दुपारनंतर समुद्राकडच्या दरवाजापाशी गेलो. बाहेर किल्लाबंदरचे कोळी जाळी दुरुस्त करत बसलेले, पलीकडे खाडी, भाईंदरकडे जाणारी रो-रो. दरवाजा म्हटल्यावर दोस्तानं परीक्षा घेतली: बिजागरी कुणाची? पोर्तुगीजांची. चावी? त्यांचीच. तुरुंग? तोही. पाव, बटाटा, कोबी, घमेलं, पगार… पगारावर मी हात टेकले. आणि उलटही गेलंय. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चवर जो काळा घडीव दगड आहे, तो वसईहून नेलेला. इथल्या खाणीतला, इथल्या पाथरवटांच्या ओळखीचा. त्या पाथरवटांची नावं मात्र कुठल्या फरशीवर नाहीत.

संध्याकाळी फोननं अठरा हजार पावलं दाखवली. आणि तरी जेझुइटांचं चर्च आम्ही फक्त बाहेरून बघितलं. त्यांच्याशी संबंध आलेले गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारले गेले, त्यांच्यावर वेगळा एपिसोड लागेल. म्हणजे एका दिवसात शहर बघून होतं हे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, मग ते लिस्बन असो की वसई.

जाणार असाल तर लवकर जा. पाणी न्या, आत दुकानं नाहीत असंच धरून चाला. पावसाळ्यात गवतातून पाय जपून टाका, साप असतात. आणि भिंतीवर नाव कोरणारा तुमच्यासोबत असेल तर त्याला बसमध्येच सोडून या.

परतताना बसमध्ये मी तो जुना व्हिडिओ शोधला. होता अजून. कॅप्शन बदलायला घेतली आणि अडकलो. फोन त्याच्याकडे दिला. त्यानं "आपण" खोडलं नाही. थोडा वेळ बघत बसला, मग म्हणाला, "राहू दे. पुढच्या वेळी मला पण वर चढव." आणि माझे शूज बघून विचारलं, "हे लिस्बनला पुरतील का रे?" उजव्या टाचेला हा मोठा फोड आला होता.