धीर धरणे म्हणजे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसबाईंनी, या वर्षी ‘धीर व विश्वास’ या विषयावर तुम्ही बोला, असे मला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सभेत उभे राहून बोलण्याची सवय नाही. माझे बोलणे चुलीपाशी आणि नळावर. पण त्या म्हणाल्या, “तुम्ही पुस्तकातले सांगू नका. तीन वर्षे घरात जे केलेत ते सांगा.” म्हणून धीर करून उभी राहिले आहे. आपल्या मंडळात सर्व धर्मांच्या बाया आहेत. मी ख्रिस्ती आहे, तेव्हा पवित्र शास्त्राच्या आधाराने बोलणार. परंतु ओझे उचलावे लागत नाही असे घर कोणत्याही धर्मात नाही, म्हणून माझे बोलणे सर्वांना समजेल अशी आशा आहे.

आपण बायका ‘धीर धर’ हे शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारतो. भाकरीसाठी रडणाऱ्या मुलाला म्हणतो, पगार लांबला की नवऱ्याला म्हणतो, आजारी माणसाला तर म्हणतोच म्हणतो. पण धीर धरायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही. मला वाटे, धीर म्हणजे गप्प बसणे. तोंडाला पदर लावायचा आणि सोसायचे. ही माझी समजूत चुकीची होती, हे मला फार उशिरा कळले.

आमच्या पाळकसाहेबांनी एकदा सांगितले की, नव्या करारात धीरासाठी जो ग्रीक शब्द पुष्कळदा आला आहे, तो ‘खाली’ आणि ‘राहणे’ अशा दोन शब्दांचा बनला आहे. ओझ्याखाली टिकून राहणे, पाठ काढून न घेणे, असा त्याचा अर्थ. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढणारी बाई बसलेली नसते. ती चालतच असते, पण हंडे टाकीत नाही.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचा दाखला आहे. पहिला आणि शेवटचा पाऊस पडेपर्यंत तो भूमीच्या मोलवान पिकाची वाट पाहतो. त्या देशात पहिला पाऊस पेरणीच्या वेळी आणि शेवटचा पीक भरण्याच्या वेळी येतो. माझे वडील कोरडवाहू शेतकरी. आमच्याकडे रब्बीची ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर येई. पाऊस आणणे वडिलांच्या हाती नव्हते. पण पाऊस नाही म्हणून ते ओट्यावर बसून राहिले असे मी कधी पाहिले नाही. नांगरट झाली की कुळवणी, मग बांधबंदिस्ती, पेरल्यावर कोळपणी, खुरपणी, आणि कणसात दाणा भरला की माळ्यावर उभे राहून पाखरे राखायची. याकोबाने धीरासाठी शेतकरीच का निवडला, ते मला आता कळते. जे देवाच्या हाती आहे त्याची वाट पाहायची, आणि जे आपल्या हाती आहे ते रोजच्या रोज करायचे. यांतले एक सोडले तर दुसऱ्याला अर्थ राहत नाही.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या सासूबाई पहाटे मोरीत पडल्या. उजवे अंग गेले, वाचा गेली. दवाखान्यातून पंधरा दिवसांनी घरी आणले. घरात दोन खोल्या, मुलांच्या वडिलांची कारखान्यात रात्रपाळी, मुलगी दहावीला. सगळे माझ्यावर आले. दोन महिन्यांत सासूबाईंच्या पाठीला, माकडहाडाशी, जखम पडली. रुपयाएवढी होती ती वाटीच्या तोंडाएवढी झाली.

मी प्रार्थना करीत होते. पण खरे सांगते, ती प्रार्थना नव्हती, तो तगादा होता. प्रभू, मी इतकी सेवा करते, मग तू त्यांना का उठवीत नाहीस? त्याच सुमारास बाहेरगावचा एक मनुष्य घरोघर प्रार्थना करीत आमच्याकडे आला. एकवीस दिवसांत म्हातारीला चालवतो, म्हणाला. उपास करा, अर्पण द्या, आणि विश्वास असेल तर गोळ्या बंद करा. मी घरात कोणाला न सांगता कानांतली फुले गहाण टाकली आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. नवव्या दिवशी सासूबाईंचा चेहरा लाल झाला, डोळे तारवटले. वस्तीत येणाऱ्या नर्सबाईंनी दाब मोजला आणि मला असे काही बोलल्या की ते मी इथे सांगत नाही. दुसऱ्यांदा झटका आला असता, एवढे सांगते. एकवीस दिवस भरल्यावर त्या मनुष्याला विचारले, तर म्हणाला, “तुमच्या घरात विश्वास नाही.”

भगिनींनो, फुले गेल्याचे दुःख मला नाही. पण ते वाक्य माझ्या काळजात काट्यासारखे रुतले. माझ्याच अविश्वासामुळे त्या पडून आहेत, असे मला वाटू लागले. आणि त्याच आठवड्यात एका रात्री, तिसऱ्यांदा अंथरूण ओले झाले तेव्हा, मी सासूबाईंवर ओरडले आणि माझ्याकडे केलेला त्यांचा हात जोराने झटकला. त्यांचा चांगला हात. मुलगी जागी होती. तिने पाहिले.

त्या रात्री मी शास्त्र उघडले ते सांत्वनासाठी नव्हे. मी चुकले कुठे, ते पाहण्यासाठी.

पहिली मला भेटली ती सारा. देवाने अब्राहामाला संततीचे वचन दिले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता आणि इसहाक झाला तेव्हा १०० वर्षांचा. मधली २५ वर्षे. कनान देशात दहा वर्षे काढल्यावर साराला धीर निघाला नाही आणि तिने आपली दासी हागार पुढे केली. त्यातून घरात भांडण झाले, आणि शेवटी हागार लेकरासह पाण्याच्या कातड्यानिशी रानात भटकली. आपली घाई बहुधा दुसऱ्या कोणाला तरी भोगावी लागते. माझी घाई सासूबाईंना भोगावी लागली.

मग राजा हिज्कीया. तो मरणाच्या दारी असता त्याने रडून प्रार्थना केली आणि देवाने ती ऐकली. तरीसुद्धा यशया संदेष्ट्याने अंजिराचे पोटीस गळवावर बांधावयास सांगितले. प्रार्थना ऐकणाऱ्या देवाला अंजिराच्या लेपाचा राग आला नाही. मग रक्तदाबाच्या गोळीचा का यावा?

आणि मग प्रेषित पौल. त्याच्या शरीरात एक काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. कृपा मात्र पुरेशी मिळाली. आता सांगा, पौलाच्या ठिकाणी विश्वास नव्हता, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? हे वाचले तेव्हा माझ्या काळजातला काटा गळून पडला. रोग बरा झाला म्हणजे विश्वास होता, आणि बरा झाला नाही म्हणजे नव्हता, असे माप शास्त्रात नाही. विश्वास हा देवाशी केलेला सौदा नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी नर्सबाईंची क्षमा मागितली आणि म्हटले, काय करायचे ते शिकवा. त्यांनी शिकवले ते तुम्हीही लक्षात ठेवा, कोणाच्या घरी कधी उपयोगी पडेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. डावी, पाठ, उजवी. जखम असेल त्या बाजूवर निजवायचे नाही. गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. चादरीला सुरकुती नको, ओल नको. लाल झालेली जागा चोळायची नाही. आणि पोटात अंडे, डाळ, दूध जाऊ द्यायचे, कारण जखम अन्नानेच भरते.

मी मुलीच्या जुन्या वहीत तास मांडले. दिवसरात्र मिळून बारा वेळा. रात्रीचे दोन आणि चार वाजताचे सर्वांत कठीण. दोनचे मुलीने मागून घेतले. अभ्यासाला जागीच असते, म्हणाली. पहिला महिनाभर काहीच फरक दिसला नाही. दुसऱ्या महिन्यात जखमेच्या कडेला डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल मांस आले. पाच महिन्यांनी ती भरली. माझ्या लेखी तो चमत्कारच. पण तो बारा बारा वेळा करून घडला. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात संकटापासून धीर, धीरापासून शील आणि शीलापासून आशा, अशी पायरी सांगितली आहे. ती मी त्या वहीत पाहिली.

आणखी एक गोष्ट घडली. सासूबाईंना एक शब्द बोलता येत नव्हता. एका रविवारी मी भाकऱ्या थापताना उपासनेतले जुने गीत गुणगुणत होते, तो आतून आवाज आला. त्या गात होत्या! शब्द अगदी स्पष्ट. डॉक्टर म्हणाले, असे होते. बोलणे जाते तरी पाठ असलेले गाणे कित्येकांचे राहते. तेव्हापासून आमचे बोलणे गाण्यातून होऊ लागले. मी एक ओळ म्हणायची, त्यांनी दुसरी. एकदा गाता गाता त्यांनी तोच, मी झटकलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. मला त्यांची क्षमा शब्दांत मागता आली नव्हती. त्यांनी ती न मागता दिली.

त्या उठल्या मात्र नाहीत. तीन वर्षे आणि दोन महिने अंथरुणावर काढून त्या प्रभूकडे गेल्या. पाठीवर एकही जखम नव्हती.

हन्नाची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळींना ठाऊक आहे. तिला मूल नव्हते. वर्षानुवर्षे सवत टोचून बोले. शिलोच्या मंदिरात ती नुसते ओठ हलवून प्रार्थना करीत होती, तर एली याजकाला वाटले ही प्यायली आहे. तिने नम्रपणे पण स्पष्ट सांगितले की मी दुःखी स्त्री आहे, मी देवापुढे मन मोकळे केले. मग ती उठून गेली, जेवली, आणि तिचे तोंड पुन्हा उदास राहिले नाही. नीट पाहा, शमुवेल अजून पोटातही नव्हता. हाती काही आलेले नसता ती जेवली. विश्वास म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन, तो हन्नाचा घास.

आता एक इशारा देते. धीराच्या नावाखाली आपण बायका एकमेकींना गप्प बसवतो. मार खाऊन माहेरी आलेल्या पोरीला, ‘सोस, येशूनेही सोसले’ असे सांगून परत पाठवतो. हे शास्त्र नव्हे. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा गेली, तो कंटाळेपर्यंत गेली, आणि प्रभूने तिचाच दाखला दिला. न्यायासाठी दार ठोठावीत राहणे हाही धीरच. घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५ सालचा कायदा आहे. अशा पोरीबरोबर दारापर्यंत जाणे हे आपल्या मंडळाचे काम आहे.

धीर धरणारी माणसे फक्त जुन्या काळीच झाली असे नाही. केडगावच्या मुक्तीसदनात पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक भाषा शिकून सबंध शास्त्र सोप्या मराठीत आणले, साध्या बायकांना वाचता यावे म्हणून. वर्षानुवर्षे ते काम चालले होते. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये बाई स्वतः गेल्या. पुस्तक छापून पुरे झाले १९२४ साली. त्यांनी ते पाहिले नाही. पण आज माझ्यासारखी सातवी शिकलेली बाई हातात शास्त्र घेऊन तुमच्यापुढे उभी आहे, हे त्यांच्या पेरणीचे पीक आहे.

शेवटी एवढेच सांगते. ज्यांच्या घरी कोणी अंथरुणावर आहे, त्यांनी सर्व वर्षांचा विचार एकदम करू नये. पुढच्या दोन तासांचा करावा. ज्यांच्या घरी नाही, त्यांनी शेजारणीला ‘धीर धर’ म्हणून परत फिरू नये. तिचा एक तास मागून घ्यावा. आपल्या मंडळात एवढ्या भगिनी आहोत. प्रत्येकीने आठवड्यातून दोन तास दिले तर या वस्तीत कोणाच्याही पाठीला जखम पडणार नाही. जी वही मी तेव्हा वापरली तिची मागची पाने कोरी आहेत. ती मी आज बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर ज्यांना आपले नाव आणि वेळ लिहावयाची असेल त्यांनी माझ्याकडे यावे.

 प्रभू आपल्या सर्वांच्या घरी धीर आणि शांती देवो.