जेम्सटाऊनचे भूकबळी आणि कोठाराची किल्ली

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वसाहतवादाचा विचार करताना आपले लक्ष साहजिकच ज्यांची भूमी हिरावली गेली त्यांच्याकडे जाते, आणि ते योग्यच आहे. आज मात्र मी वसाहत करावयास गेलेल्या सामान्य माणसांविषयी बोलणार आहे. उत्तर अमेरिकेतील इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत म्हणजे व्हर्जिनियातील जेम्सटाऊन. तिच्या पहिल्या अठरा वर्षांत तेथे गेलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे मृत्युमुखी पडली. ती का मेली, याची तीन उत्तरे दिली जातात. निसर्ग प्रतिकूल होता, हे पहिले. माणसे आळशी होती, हे दुसरे. तिसरे उत्तर थेट आपल्याला उद्देशून आहे. वसाहतीत धान्याचे कोठार सामाईक होते, म्हणून कोणी राबेना. समाजवादाने माणसे मारली आणि खाजगी मालकीने उरलेल्यांना तारले, असे मुक्त बाजारपेठेचे अमेरिकन पुरस्कर्ते आवर्जून सांगतात. ही तिन्ही उत्तरे आपण क्रमाने तपासू.

प्रथम निसर्गाचे पाहू. १६०६ साली इंग्लंडच्या राजाने व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली. १६०७ च्या मे महिन्यात तीन जहाजांतून आलेल्या १०४ पुरुषांनी व मुलांनी जेम्स नदीकाठी ठाणे वसवले. वर्ष सरण्याच्या सुमारास त्यांपैकी ३८ जण जिवंत होते. जागा दलदलीची होती. उन्हाळ्यात नदीचे पाणी ओसरले की भरतीबरोबर खारे पाणी आत येई आणि वसाहतीची घाण काठाशीच घोळत राही. तेच पाणी माणसे पीत. अतिसार आणि ज्वराने ती पटापट मेली. सखल, ओलसर जागी वस्ती करू नका, अशी सूचना खुद्द कंपनीनेच दिली होती. परंतु स्पॅनिश आरमारापासून संरक्षण हवे आणि जहाजे थेट काठाला लागावीत, या अपेक्षाही तिच्याच होत्या. ठाण्याच्या निवडीत त्या दोहोंची सरशी झाली; पिण्याच्या पाण्याचा विचार मागे पडला.

त्यात अवर्षणाची भर पडली. जुन्या सायप्रस वृक्षांच्या खोडांतील वलयांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १६०६ ते १६१२ ही त्या प्रदेशातील ७७० वर्षांतली सर्वांत कोरडी सात वर्षे होती. तेव्हा निसर्गाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. पण या अवर्षणात कंपनीची माणसे आपले अन्न कोठून मिळवणार होती? मुख्यतः तेथल्या मूळ रहिवाशांकडून. पौहाटन राजाच्या आधिपत्याखालील जमाती मका पिकवत. मणी, तांब्याचे तुकडे आणि लोखंडी हत्यारे देऊन तो मका घ्यावा, अशी योजना होती. ज्यांच्या स्वतःच्याच कणग्या दुष्काळाने रित्या झाल्या होत्या, ते परक्यांना किती देणार? देवघेव खुंटली तेव्हा बंदुकीच्या धाकाने धान्य ओरबाडले गेले आणि १६०९ मध्ये उघड युद्ध पेटले.

आता आळसाचा आरोप. पहिल्या तुकडीत जवळपास निम्मे लोक स्वतःला खानदानी सद्गृहस्थ म्हणवणारे होते; नांगर धरणे त्यांच्या प्रतिष्ठेत बसत नव्हते. १६०८ च्या आरंभी पुढची कुमक आली. तिच्यात सोनार, धातू शुद्ध करणारे कारागीर, जवाहिऱ्या आणि एक अत्तरवालाही होता! वसाहतीत पोटाला अन्न नसताना माणसे सोने समजून चमकती माती खणत होती आणि ती जहाजात भरून लंडनला रवाना होत होती. ती कवडीमोलाची ठरली. वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या जॉन स्मिथने कंपनीला कळवले, की सुतार, शेतकरी, कोळी, लोहार आणि झाडांची मुळे खणून काढणारी माणसे पाठवा. आहेत तशांच्या हजारापेक्षा अशी तीस बरी. म्हणजे प्रश्न केवळ आळसाचा नव्हता. जे हात होते, त्यांना कोणते काम लावायचे हे लंडनमध्ये ठरत होते, आणि भागधारकांना मका नको होता. सोने आणि पूर्वेकडचा सागरी मार्ग हवा होता.

१६०९ साली कंपनीने सुमारे पाचशे माणसे नऊ जहाजांतून धाडली. वादळात ताफा विखुरला. अधिकारी असलेले मुख्य जहाज बर्म्युडा बेटावर फुटले. बाकीची बहुतेक जहाजे ऑगस्टमध्ये पोहोचली. हंगाम हातचा गेलेला, शिधा अपुरा, आणि बाहेर वेढा. त्या हिवाळ्याला इतिहासात ‘उपासमारीचा काळ’ असेच नाव पडले आहे. घोडे, कुत्री, उंदीर, साप आणि अखेर चामड्याचे जोडेही लोकांनी खाल्ले. २०१२ मध्ये तेथील उत्खननात सुमारे चौदा वर्षांच्या एका मुलीची कवटी सापडली. मृत्यूनंतर तिचे मांस काढले गेल्याच्या खुणा तिच्यावर आहेत. ठाण्यातील सुमारे तीनशे माणसांपैकी वसंत ऋतूत साठच उरली.

आता तिसरे उत्तर. कोठार सामाईक होते म्हणजे ते कोणाचे होते? ते कंपनीचे होते. कंपनी साडेबारा पौंडांचा एक याप्रमाणे भाग विकत असे. वसाहतीतील माणसे सात वर्षांच्या कराराने बांधलेली, आणि नफ्याची वाटणी त्यानंतर. १६१० नंतर तेथे लष्करी कायदा लागू झाला आणि अन्नचोरीला देहदंडाची तरतूद झाली. कोठाराची किल्ली ज्यांच्या हाती नव्हती, कामाच्या निवडीत ज्यांना शब्द नव्हता, त्यांच्या या व्यवस्थेला समाजवाद म्हणणे म्हणजे गिरणीच्या गोदामाला सहकारी भांडार म्हणण्यासारखे आहे.

पुढे गव्हर्नर डेल याने माणशी तीन एकरांचे तुकडे दिले आणि मक्याचे पीक वाढले, हे खरे आहे. ते आपण मोकळेपणाने मान्य करावे. श्रमाचे फळ श्रमणाऱ्याला मिळाले की हात चालतो, यात समाजवाद्याला अवघड वाटण्याजोगे काय आहे? परंतु गोष्ट तेथेच थांबवली जाते, आणि खरी फसगत तेथे होते.

कारण मृत्यू थांबले नाहीत. १६१२ पासून जॉन रॉल्फने तंबाखूची लागवड सुरू केली. तंबाखूला लंडनमध्ये भाव मिळू लागताच रस्त्यांतसुद्धा ती लावली गेली. आधी दोन एकर मका पेरा, असा हुकूम डेलला काढावा लागला. १६१८ पासून जो कोणी स्वखर्चाने माणूस आणील त्याला दरडोई पन्नास एकर जमीन मिळू लागली. आणलेला माणूस जहाजात चढल्यावर मेला तरी आणणाऱ्याचा हक्क शाबूत राही. मग शिध्याची तजवीज न करता माणसे पाठवण्याचा सपाटा सुरू झाला. १६१९ ते १६२२ या तीन वर्षांत सुमारे साडेतीन हजार लोक आले आणि रोगाने, उपासाने बहुतेक मेले. १६२२ मध्ये पौहाटनांनी केलेल्या हल्ल्यात ३४७ जण मारले गेले. बाकीच्या हजारो मृत्यूंचा दोष त्या हल्ल्यावर टाकता येत नाही. १६०७ पासून सहा हजारांहून अधिक माणसे गेली होती. १६२५ च्या गणनेत सुमारे बाराशे होती. खाजगी मालकीची भरभराट आणि मृत्यूंची भरभराट एकाच वेळी झाली.

रिचर्ड फ्रेथॉर्न नावाच्या करारबद्ध नोकराने १६२३ साली आईवडिलांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. वाटाणे आणि पातळ पेज यांवर आपण जगतो आहोत, मला सोडवा, नाही तर निदान काही खायला पाठवा, अशी विनवणी तो करतो. पुढे आपल्याकडच्या मजुरांनी ज्याला ‘गिरमिट’ म्हटले, त्याच जातीचा हा करार होता. १६१९ साली त्याच किनाऱ्यावर वीसहून थोडे अधिक आफ्रिकी बंदी उतरवले गेले. दुसऱ्या बाजूला पौहाटनांची गावे आणि उभी पिके जाळली गेली. ज्या माणसांना कंपनीने उपाशी ठेवले, त्यांच्याच हातून तिने दुसऱ्यांचे अन्न आणि जमीन लुटवली.

हे आपल्यापासून दूरचे नाही. व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार सर टॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर होता. १६६८ मध्ये मुंबई त्या कंपनीच्या हाती आली, तेव्हा येथेही तिचे नोकर एवढ्या संख्येने मेले, की गोऱ्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे अशी म्हणच पडली. एक मेला की लंडनहून दुसरा येई. हिशेबात तूट दिसत नसे.

१६२४ साली राजाने व्हर्जिनिया कंपनी बरखास्त केली. तिच्या अपयशाची चौकशी झाली ती सनद आणि पैसा यांच्या संदर्भात. मेलेल्यांच्या बाजूने विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: जागा कोणी निवडली, कोणते काम कोणी नेमले, आणि किल्ली कोणाकडे होती? कोठे माणसे कामावर मेली आणि दोष निसर्गाला किंवा त्यांच्याच आळसाला दिला जाऊ लागला, की आपल्या कार्यकर्त्याने हे तीन प्रश्न घेऊन तेथे उभे राहावे, एवढेच मला सांगायचे आहे.