चिंता आणि विश्वास



उद्याची चिंता करू नका आणि धनाला आपला धनी करू नका, अशी शिकवण प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात दिली. याचा अर्थ स्वस्थ बसावे, असा नव्हे. 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना आश्रय देताना पंडिता रमाबाईंनी पैशाची निश्चिती होण्याची वाट पाहिली नाही. केडगावी त्यांनी विहिरी खणल्या, शेती उभारली आणि प्रार्थनाही अखंड चालू ठेवली.

आम्हीही जमाखर्च काटेकोर ठेवतो. मात्र त्यावरून रुग्णाचे मोल ठरवीत नाही. बिलाच्या धास्तीने रुग्णाला घरी नेऊ पाहणाऱ्या कुटुंबास आम्ही विनवितो : आधी उपचार पूर्ण होऊ द्या. देव तरतूद करतो, आणि बहुधा ती आपणांसारख्या दात्यांच्या हातूनच करतो.