पाणी चढते, फुगते की ओसरते?



पावसाळ्यात वैनगंगेकाठच्या गावांना ठरावीक भाषेतली सूचना मिळते: 'विसर्गात वाढ करण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' व्याकरणाने वाक्य बिनचूक आहे. पण पाणी कोणत्या बाजूने येणार आणि आपण कुठे जायचे, हे त्यातून कळत नाही. दिशा सांगायची ती क्रियापदाने, आणि इथे क्रियापदच मुके आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्याची भौगोलिक अडचण लक्षात घ्या. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून येते. तिकडे तिच्यावर संजय सरोवर आहे आणि खाली पवनीजवळ गोसेखुर्दचे धरण. भंडारा शहर या दोहोंच्या मध्ये. वरून पाणी सोडले तर ते आपल्याकडे येते, नदी चढते. खालचे धरण भरले असेल तर तेच पाणी मागे दाटते. जलसंपदा खात्याचे लोक त्याला फुगवटा म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे. अशा वेळी नदी नुसती चढत नाही, ती फुगते. शहरातल्या नाल्यांना नदीत उतरायला वाट उरत नाही आणि त्यांचे पाणी उलटे वस्तीत शिरते. नदीकडे डोळे लावून बसलेल्या माणसाच्या घरात पाणी मागच्या दाराने येते, ते असे.

म्हणून 'गोसेखुर्दचे दरवाजे उघडले' या एकाच बातमीचे दोन गावांत दोन अर्थ होतात. धरणाला 33 दरवाजे आहेत. ते उघडले की भंडाऱ्याकडचा फुगवटा कमी व्हायला मदत होते, तर लाखांदूर, ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडे पाणी धावते. बातमी देणाऱ्याने 'उघडले' एवढ्यावर थांबू नये. खालच्या गावांना 'पाणी सोडले आहे, तुमच्याकडे निघाले आहे' असे सांगावे, वरच्यांना 'फुगवटा उतरेल' असे. 2020च्या ऑगस्टअखेर संजय सरोवरातून सोडलेले पाणी भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरले होते. ते दिवस पाहिलेल्यांना 'येते' आणि 'शिरते' यांतला फरक समजावून द्यावा लागत नाही. येणारे पाणी वाटेने येते. शिरणारे पाणी फट शोधते.

पूर जातानाही शब्द जपून वापरावा लागतो. पातळी उतरते, पाणी ओसरते. नदीची पातळी हातभर उतरली तरी अंगणातले पाणी तसेच उभे असते. 'पूर उतरला' हे ऐकून लोक परत निघाले, तर ते पाण्यातच परततात. घरी जायचे ते ओसरल्यावर.

डाव्या-उजव्याचाही असाच घोळ आहे. नदीचा डावा काठ, उजवा काठ हे प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवतात. धरणाचा डावा कालवा आणि उजवा कालवाही त्याच रीतीने. त्या हिशोबाने भंडारा उजव्या काठावर आणि पलीकडचे कारधा डाव्या. पण उगमाकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात कारध्याकडे असतो. अभियंत्याच्या कागदावर 'उजवा तीर' शोभतो. भोंग्यावरून सांगताना 'भंडाऱ्याकडची बाजू', 'कारध्याकडची बाजू' असेच म्हणावे.

हे नेमके शब्द आपल्याला नवीन नाहीत. धानाच्या बांधीत ते रोज वापरले जातात. वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत उतरते, शेतकरी ते वळवतो, धुरा फुटला तर ते आपले आपण वळते. 'वळणे' आणि 'वळवणे' यांत एका अक्षराचे अंतर आहे, पण भांडण कोणाशी करायचे ते त्या अक्षरावर ठरते. रोवणीच्या वेळी बायकांची ओळ पाहा. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हाताच्या बोटांनी दोन-तीन रोपे चिखलात दाबायची आणि एक पाऊल मागे घ्यायचे. त्या मागे सरकतात, मागे हटत नाहीत. हटणारा माघार घेतो. सरकणाऱ्या बाईपुढे रोवलेली बांधी हिरवी होत जाते. इतके बारकाईने बोलणाऱ्या जिल्ह्याला 'विसर्गात वाढ' ऐकवणे हा त्याच्या भाषेवर अन्याय आहे, आणि पुराच्या रात्री तर तो जिवावरचा धोका आहे.

ग्रामपंचायतीत, तहसिलीत, वर्तमानपत्रात सूचना लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मजकूर लिहून झाला की काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला वाचून दाखवा. पाणी कुठून येणार आणि आपण कुठे जायचे, हे तिला न विचारता कळले, तरच तो भोंग्यावरून द्या.